एल्गारचा चेलो कन्चेर्टो, सात रेकॉर्डिंग्ज: कामाची वही

११ जानेवारी

काम असं आहे. एडवर्ड एल्गारचा ई मायनर चेलो कन्चेर्टो, ऑपस ८५, म्हणजे एकटा चेलो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची चार भागांची रचना, त्याची माझ्याकडची सात रेकॉर्डिंग्ज एका पातळीवर आणून नीट शेजारी शेजारी ठेवून ऐकायची. "मला जॅकलिन दु प्रेचं आवडतं" हे गेली कित्येक वर्षं मी म्हणतेय, पण ते खरंच आवडतं की पहिलं तेच ऐकलं म्हणून आवडतं हे एकदा बघायचंय. दुसऱ्या कुणाला असंच काही करायचं असेल तर माझा वाया गेलेला वेळ तरी वाचेल म्हणून लिहून ठेवतेय.

यादी (आधी चेलो वाजवणारे, मग कंडक्टर): बिअ‍ॅट्रिस हॅरिसन, कंडक्टर खुद्द एल्गार, १९२८. कसाल्स आणि एड्रियन बोल्ट, बीबीसी सिम्फनी, १९४५. जॅकलिन दु प्रे आणि बार्बिरोली, लंडन सिम्फनी, १९६५, आणि तीच दोघं १९६७ ला प्रागमध्ये लाइव्ह, बीबीसी सिम्फनीबरोबर. तॉर्तलिए आणि बोल्ट, १९७२. इसर्लिस आणि हिकॉक्स, १९८८. अलिसा वायलरस्टाइन आणि बॅरेनबॉइम, २०१२. यो-यो माचं रेकॉर्डिंग मुद्दाम घेतलेलं नाही, आठ झाली असती आणि नवऱ्याने घराबाहेर काढलं असतं.

राहते इंग्लंडमध्ये, वूस्टरला. एल्गार इथला, जन्म जवळच्याच ब्रॉडहीथचा, १८५७. वडिलांचं म्युझिकचं दुकान हाय स्ट्रीटवर होतं, दुकान गेलं, आता तिथे जवळच त्याचा पुतळा आहे. फायदा एवढाच की चॅरिटी शॉपमध्ये एल्गारच्या एलपी ढिगाने मिळतात. दु प्रे १९६५ ची एचएमव्ही एएसडी ६५५, मागच्या बाजूला जॅनेट बेकरने गायलेली एल्गारचीच गाणी, 'सी पिक्चर्स', चार पाउंडला. तॉर्तलिए तीन पाउंड. बाकीच्या सीडी आणि हॅरिसनचं ट्रान्सफर (जुन्या तबकडीवरून केलेली डिजिटल फाइल) इंटरनेटवरून.

१८ जानेवारी

एलपी कॉम्प्युटरवर घ्यायला बसले. सेकंडहँड ऑडिओ इंटरफेस (टर्नटेबल कॉम्प्युटरला जोडायची डबी) साठ पाउंड, सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट. दु प्रे रेकॉर्ड केली आणि मग तीच सीडीवर असलेली फाइल शेजारी ठेवली तर एलपी जवळजवळ वीस सेकंद आधी संपतेय. तीस मिनिटांच्या कन्चेर्टोत वीस सेकंद म्हणजे एक टक्क्याहून जास्त. टर्नटेबल पळत होतं. म्हणजे इतकी वर्षं मी घरी सगळंच थोडं वरच्या सुरात ऐकत होते आणि कानाला पत्ता नाही.

उपाय: मोटरच्या खाली दोन बारीक भोकं असतात, एक ३३ च्या स्पीडचं एक ४५ च्या, आत स्क्रू. घड्याळाचा स्क्रूड्रायव्हर घालून केसभर फिरवायचा, फोनवरच्या स्पीडच्या अ‍ॅपने मोजायचं, परत फिरवायचं. अख्खी संध्याकाळ गेली. बेल्ट गरम व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, डेक चालू केल्या केल्या मोजलं की आकडा वेगळाच येतो, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नव्हतं. आधी फिरू दे, मग मोजा.

१९ जानेवारी

काल स्पीड लावायच्या आधी घेतलेल्या सगळ्या फाइल्स डिलीट. परत पहिल्यापासून.

२६ जानेवारी

गुरगुर. दु प्रेच्या एलपीत शांत जागी खाली एक घरघर येते. मला वाटलं बेअरिंग गेलं, तेल घातलं, डेकखाली जाड रबर ठेवलं, फिल्टर लावून अगदी खालचं सगळं कापलं, तरी थोडी आहेच. शेवटी सीडी लावली तर तिथेही तीच, त्याच जागी! मग डोक्यात प्रकाश पडला. हे रेकॉर्डिंग किंग्जवे हॉलमधलं, लंडन, आणि त्या हॉलच्या खालून पिकॅडिली लाइनची ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, जायची. तिथे केलेल्या पुष्कळ रेकॉर्डिंगमध्ये गाडी ऐकू येते. बेअरिंगच्या तेलाचे सात पाउंड फुकट गेले. फिल्टर काढून टाकला, कारण त्याने चेलोच्या खालच्या तारेचं अंगच जात होतं, आणि गाडी काय, १९ ऑगस्ट १९६५ ची गाडी आहे, राहू दे.

त्या दिवसाची गोष्ट प्रसिद्धच आहे. दु प्रे वीस वर्षांची. पहिल्या दोन भागांनंतर ऑर्केस्ट्रानेच टाळ्या वाजवल्या, ती डोकं दुखतंय म्हणून गोळी आणायला बाहेर गेली आणि परत येईपर्यंत बातमी पसरून हॉलमध्ये माणसं जमली होती असं सांगतात. हे माहीत असणं हाच खरा प्रॉब्लेम आहे. अशी गोष्ट डोक्यात असताना कोण तटस्थपणे ऐकणार? म्हणून फाइल्सची नावं झाकायला लागणार.

८ फेब्रुवारी

आवाजाची पातळी. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला.

जे रेकॉर्डिंग जरा मोठ्याने वाजतं ते चांगलं वाटतं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे फसतात. म्हणून सगळ्या फाइल्स एका लेव्हलला आणायच्या. मी पहिल्यांदा पीकवर नॉर्मलाइझ केलं, म्हणजे फाइलमधला सगळ्यात उंच टोकाचा आवाज समान केला. झालं असं की १९२८ च्या तबकडीत टिकटिक आहे, आणि सगळ्यात उंच टोक म्हणजे ती टिकटिकच, त्यामुळे बिचारी हॅरिसन पार मागच्या खोलीत जाऊन बसली. मग लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे कानाला जाणवणारा सरासरी आवाज समान करणं, सगळ्या वजा २३ एलयूएफएसला (ते त्याचं माप). बरं झालं, पण पूर्ण नाही, कारण जुन्या रेकॉर्डमध्ये मोठा आणि लहान आवाज यातलं अंतरच कमी असतं, नव्यात खूप. सरासरी समान केली की वायलरस्टाइनच्या शांत जागा इतक्या शांत की कॉम्प्युटरचा पंखा जास्त ऐकू येतो.

शेवटी जे चाललं ते हे: पहिल्या भागात चेलो ती लांब चढत जाणारी स्केल, म्हणजे सुरांची शिडी, घेऊन सगळ्यात वरच्या ई सुरापर्यंत जातो आणि मग पूर्ण ऑर्केस्ट्रा ती मुख्य धून उचलतो, त्या तुकड्याची लेव्हल सगळ्यांत कापून मोजली आणि तेवढ्यावरून अख्खी फाइल वरखाली केली. एकच जागा, तेच वाद्यवृंदाचं वजन. हाताने करावं लागतं, सात फाइल्स म्हणजे एक रविवार.

९ फेब्रुवारी

स्कोअर, म्हणजे कन्चेर्टोची छापील स्वरलिपी, उतरवून घेतलं, कॉपीराइट संपलाय, एल्गार १९३४ ला गेला. प्रिंट काढू नका, टॅबवर बघा. मी ऑफिसच्या प्रिंटरवर काढलं आणि शाई संपली, पुढचं लिहीत नाही.

२२ फेब्रुवारी

पहिली झाकून-ऐकण्याची बैठक. नवऱ्याने फाइल्सना ए ते जी नावं दिली, मी आणि शेजारचे काका (इंग्रज, रिटायर्ड, हौशी ऑर्केस्ट्रात चेलो वाजवायचे) वही घेऊन बसलो. पूर्ण फसली. कारण सुई टेकताच खरखर आली की कुणालाही कळतं ही १९२८ ची, आणि मग दोघांच्याही वहीत "काय ते दिवस!" छाप भक्तिभाव सुरू.

शिवाय मी तुकडे चुकीचे निवडले होते. प्रत्येकाची ती वरच्या ई ला जाणारी स्केल, प्रत्येकाची स्लो मूव्हमेंटची (तिसऱ्या भागाची) पहिली ओळ. अशा जागी कुणीच वाईट वाजवत नाही. सगळ्यांना आठच्या वर मार्क.

काकांचं म्हणणं, जोड ऐका. एका टेम्पोतून दुसऱ्यात कसं जातात ते. दुसऱ्या भागाची सुरुवात, जिथे चेलो निघतो थांबतो, निघतो थांबतो आणि मग एकदम सुसाट सुटतो. आणि फिनालेची, म्हणजे शेवटच्या भागाची, शेवटची चारेक मिनिटं. एकदम बरोबर बोलले, पुढे सगळं त्यावरच उभं राहिलं.

१ मार्च

खरखरीचा उपाय, थोडा येडा आहे पण चालतो. जुनं साफ करून नवं करता येत नाही (करून बघितलं, नॉइज रिडक्शन वाढवलं की चेलो पाण्याखाली वाजवल्यासारखा येतो), तर नवं जुनं करायचं! सातही फाइल्स मोनो केल्या, साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं आणि १०० च्या खालचं कापलं, आणि हॅरिसनच्या तबकडीच्या सुरुवातीची नुसती खरखर कापून सगळ्यांच्या खाली पसरली. आता सगळे १९२८ सालचे.

निकाल बघण्यासारखा. वायलरस्टाइन, जी मला पहिल्या फेरीत जबरदस्त वाटली होती, ती एकदम साधी झाली. म्हणजे वाईट नाही, पण त्यातलं बरंचसं कौतुक मी तिच्याबरोबरच्या बर्लिनच्या ऑर्केस्ट्राच्या आवाजाचं करत होते. इसर्लिस मात्र तस्साच राहिला. आतड्याच्या तारा वापरतो तो, आवाज मुळात लहान, त्यामुळे त्याचं सगळं बोलणं वाक्याच्या चढउतारातून येतं, आणि ते कापाकापीतूनही शिल्लक राहतं. आणि हॅरिसन चार जागा वर आली.

१५ मार्च

बाबा मिरजेहून आलेत, सहा आठवडे आहेत. वेस्टर्न म्युझिकशी संबंध शून्य, पण सूर म्हटलं की कान टवकारतात. मी हेडफोन काढून स्पीकरवर लावलं होतं, दु प्रेचं संपलं आणि लगेच हॅरिसन सुरू झालं, तर पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "अगं, हिने पट्टी बदलली का?"

म्हटलं नाही बाबा, तोच पीस आहे, तीच स्केल. "मग चढलंय. पाव सूर तरी चढलंय." फोनवरचा तानपुरा काढला, पांढरी तीनवर (म्हणजे ई) लावला, आणि म्हणाले आता लाव. कन्चेर्टोची सुरुवातच चेलोच्या एकट्याच्या ई मायनर कॉर्डने होते त्यामुळे पांढरी तीन एकदम बरोबर. दु प्रे लावलं तर तानपुऱ्यात विरघळून गेलं. हॅरिसनचं ट्रान्सफर लावलं तर आवाज थरथरायला लागला, दातात वाळू आल्यासारखं.

७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्या नेमक्या ७८ वर कापलेल्या असतीलच असं नसतं, कुणी ट्रान्सफर करताना स्पीड तपासला नाही की सूर चढतो किंवा उतरतो. अर्धा स्वर म्हणजे साधारण सहा टक्के, पाव सूर म्हणजे तीन. तीन टक्के! हॅरिसनचा कन्चेर्टो पंचवीस मिनिटांच्या आसपास आहे, त्यात तीन टक्के म्हणजे पाऊण मिनिट. आणि मी गेला महिनाभर वहीत लिहीत होते "एल्गारचे टेम्पो फारच फास्ट". त्यातला काही भाग एल्गारचा नव्हताच, स्पीडचा होता.

दुसरं ट्रान्सफर शोधलं, सीडीवरचं, तानपुऱ्याशी जुळलं. ते घेतलं. टेम्पोच्या नोंदी परत केल्या. तरीही एल्गार फास्टच आहे, दु प्रे तीस मिनिटं घेते तिथे हा सुरात असूनसुद्धा चारपाच मिनिटं आधी घरी पोचतो. पण आता तो आकडा खरा आहे.

ज्याला कुणाला जुनी रेकॉर्डिंग्ज ताडून बघायची असतील त्याने पहिलं काम हे करा. तानपुऱ्याचं अ‍ॅप फुकट आहे. मी ते शेवटी केलं.

२३ मार्च

बाबांसकट दुसरी बैठक. नावं झाकलेली, खरखर सगळ्यांना सारखी, तुकडे काकांनी सांगितलेले.

दुसरा भाग: तॉर्तलिए १९७२, तिघांचंही एकमत. ते धावणं इतकं हलकं की ऑर्केस्ट्राला मागे बघावंच लागत नाही. कसाल्स इथे जड जातो, अडुसष्ट वर्षांचा होता, आणि मधेमधे त्याचं ते हुंकारणं ऐकू येतं, पण बाबांना नेमकं तेच आवडलं. "वाजवताना गातोय हा."

स्लो मूव्हमेंट: जेमतेम साठ बार (तालाचे छोटे तुकडे), एक सोडला तर चेलो सगळीकडे आहे. इथे मी मत दिलं इसर्लिसला, काकांनी दु प्रे १९६५ ला (आवाज न ओळखता, तेही चेलो वाजवणारे, म्हणजे बघा). बाबा म्हणाले या बाईला प्रत्येक सुरावर रडायचंय, कधीतरी नुसतं सांगायला पाहिजे ना. काका दुखावले. चहा केला.

हॅरिसनबद्दल. हिच्या वाजवण्यात मींड आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आणि सुरुवातीला फक्त व्हायोला एकट्या ती धून घेतात तिथे अख्खा सेक्शन मिळून घसरतो. १९६५ पर्यंत हे बऱ्यापैकी पुसलं गेलेलं. काकांना ते जुनाट वाटतं, त्यांच्या मास्तरांनी ती सवय पट्टी मारून काढली होती. बाबांना वेगळं काही वाटलंच नाही, ते म्हणाले बाकीचे एका सुरावरून दुसऱ्यावर उड्या का मारतात? ही तीच हॅरिसन, जिने १९२४ मध्ये सरेमधल्या आपल्या बागेत नाइटिंगेल पक्ष्याबरोबर चेलो वाजवला आणि बीबीसीने तो लाइव्ह प्रसारित केला. एल्गारला हा कन्चेर्टो वाजवायला हीच आवडायची.

३० मार्च

फिनाले. आज फक्त हाच.

शेवटाकडे सगळं मंदावतं, एक लांब दुखरा भाग येतो, त्यात स्लो मूव्हमेंटची आठवण, मग अगदी सुरुवातीचे ते कॉर्ड परत, आणि मग ऑर्केस्ट्रा झटकन दार लावून टाकतो. दु प्रे १९६५ मध्ये या दुखऱ्या भागात काळ थांबतो. अक्षरशः. एकटं ऐकलं तर यासारखं काही नाही. पण फिनाले पहिल्यापासून सलग ऐकला, लेव्हल समान, खरखर समान, तर बारा मिनिटांच्या त्या फिनालेत मला मधेच विसरायला झालं की आपण कुठून निघालो होतो. मग शेवटचा झटका येतो तो दुसऱ्याच कुठल्या पीसचा वाटतो. प्राग १९६७ मध्ये तर ती अजून मोकळी सुटते, समोर लोक आहेत, आणि ते मला जास्त पटलं, कारण तिथे घाईही जास्त आहे.

एल्गार आणि हॅरिसन तोच भाग चालत चालत घेतात. हळू होतात, पण पाऊल थांबत नाही. त्यामुळे शेवटचा झटका आधीपासून येऊ घातलेला असतो. माझी फिनालेची पहिली पसंती हीच, आणि हे लिहिताना मला स्वतःलाच जरा चुकल्यासारखं होतंय कारण माझ्या कपाटावर दु प्रेचा फोटो आहे.

आता मला वाटतं ते लिहिते. या कन्चेर्टोभोवती जो शोक आहे त्यातला बराचसा १९६५ चा आहे. लोक सर्रास म्हणतात बायको गेल्यावर लिहिला, पण पहिला प्रयोग २७ ऑक्टोबर १९१९ ला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये झाला आणि अ‍ॅलिस गेली एप्रिल १९२० मध्ये. सोलोइस्ट फेलिक्स सॅमंड, कंडक्टर स्वतः एल्गार, आणि रिहर्सलचा वेळ बाकीच्या कार्यक्रमाच्या कंडक्टरने खाल्ल्यामुळे तो प्रयोग आपटला. ससेक्समधल्या ज्या झोपडीवजा घरात त्याने तो लिहिला तिथे महायुद्धात रात्री फ्रान्सकडच्या तोफा ऐकू यायच्या, म्हणजे दुःख होतंच, नाही कोण म्हणतंय. पण त्याने स्वतः तो अंग सावरून वाजवून घेतला. आणि गंमत अशी की त्या आपटलेल्या पहिल्या प्रयोगाला चेलोंच्या रांगेत बसलेला एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणजे जॉन बार्बिरोली. दु प्रेला ती मोकळीक देणारा तोच. म्हणजे दोन्ही बाजूंना साक्षीदार आहे, भांडण मिटणार नाही.

(याच बार्बिरोलींच्या हॅले ऑर्केस्ट्रात, मँचेस्टरला, मुंबईचे मेहली मेहता वाजवायचे, झुबिनचे वडील. काकांनी त्यांना बघितलंय लहानपणी. हे कळल्यावर बाबांचा आणि काकांचा पॅचअप झाला.)

६ एप्रिल

कापलेल्या, मोनो केलेल्या फाइल्स बाजूला ठेवल्या आणि सगळी मूळ आवाजात परत ऐकली. मतं बरीचशी टिकली. दोन बदलली: तॉर्तलिएचा पहिला भाग मला आता थोडा कोरडा वाटतो, आणि वायलरस्टाइनचा पहिला भाग परत वर आला. बॅरेनबॉइम दु प्रेचा नवरा, त्याच्यासमोर बसून हा पीस वाजवायचा म्हणजे पोरीचं धाडसच, आणि ती कुठेही दु प्रेची नक्कल करत नाही. पहिल्या भागाला तरीही दु प्रे १९६५. ते सुरुवातीचे कॉर्ड तिच्यासारखे कुणी मारत नाही, बाबांनी पण मान्य केलं. सातातलं एकच एक निवडा म्हणाल तर नाही निवडणार.

१२ एप्रिल

हिशेब. इंटरफेस ६०, नवी सुई २८, दोन एलपी ७, चार सीडी मिळून ११, तेल ७ (फुकट), रबर ५. एकूण ११८ पाउंड. यातले बरेचसे वाचले असते, सगळं सीडीवरूनच केलं असतं तरी निकाल हाच आला असता. एलपीचा हट्ट माझा.

पुढचं काम व्हायोलिन कन्चेर्टो, बी मायनर, १९१० चा. अल्बर्ट सॅमन्स आणि हेन्री वूड १९२९ विरुद्ध सोळा वर्षांचा मेन्युहिन आणि एल्गार १९३२. मेन्युहिनचं जमवून आणणारा एचएमव्हीचा फ्रेड गैसबर्ग हाच १९०२ मध्ये कलकत्त्याला जाऊन गौहर जानचं रेकॉर्डिंग करून आला होता, हे ऐकल्यापासून बाबाच मागे लागलेत कधी सुरू करतेस म्हणून. परत जाईपर्यंत त्यांचा कान वापरून घेते. दोन्ही ७८ च्या तबकड्या, त्यामुळे या वेळी आधी स्पीड, मग बाकी सगळं. तानपुरा पांढरी सातवर.